जोडीदाराकडे दोन पासपोर्ट, आपल्याकडे एक: मराठवाड्यातून परदेशी राहायला जाताना

लग्न तिकडे झालंय. नवऱ्याकडे किंवा बायकोकडे दोन देशांचं नागरिकत्व आहे, आपल्याकडे भारताचा एकच पासपोर्ट. घरी कुणाला सांगितलंय, कुणाला नाही. आता कायमचं तिकडे जायचंय, पण सुरुवात कुठून करायची ते उमगत नाही. लातूर, नांदेड, परभणीकडच्या समलिंगी जोडप्यांसाठी हा लेख आहे. ‘कुठला व्हिसा लवकर मिळतो’ हे विचारायला आधी एजंटाच्या ऑफिसात जाऊ नका. आपली केस त्यांच्या नेहमीच्या साच्यात बसत नाही, आणि बसवायला गेलं की ते नको ते लिहायला लावतात.

पहिली पायरी: भारतात आपण कागदावर कोण आहोत

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधला आपल्याला गुन्हेगार ठरवणारा भाग काढला. म्हणजे नातं गुन्हा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी लग्नाला मान्यता मिळाली नाही, आणि फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. विशेष विवाह कायदा किंवा परदेशी विवाह कायदा यांखाली नोंदणी होत नाही. त्यामुळे पासपोर्टवर जोडीदाराचं नाव चढत नाही आणि जोडीदार म्हणून ओसीआय कार्डही (परदेशी नागरिक असलेल्या मूळ भारतीयांना आणि जोडीदारांना मिळणारं) मिळत नाही.

थोडक्यात, अमेरिकेच्या, आयर्लंडच्या किंवा कॅनडाच्या दृष्टीने तुम्ही विवाहित. भारताच्या दृष्टीने नाही. हे सांभाळायचा नियम साधा आहे. ज्या देशाचा फॉर्म, त्या देशाच्या कायद्याप्रमाणे उत्तर. परदेशी व्हिसाच्या फॉर्मवर ‘विवाहित’च लिहायचं. सोबतच्या पत्रात दोन ओळी घालायच्या, की भारतीय कायदा या लग्नाला ओळखत नाही, म्हणून पासपोर्टवर जोडीदाराचं नाव नाही. घरच्यांना कळेल या भीतीने कुणी टुरिस्ट व्हिसाच्या फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहिलं, तर पुढे जोडीदार व्हिसाच्या वेळी तोच जुना फॉर्म समोर येतो. खोटी माहिती दिल्याबद्दल कॅनडा ५ वर्षं दार बंद करतो, यूके १० वर्षांपर्यंत. अमेरिकेत ती बंदी कायमची असू शकते, आणि ती उठवायला वेगळा अर्ज करावा लागतो.

एक गैरसमज जोडीदाराच्या दोन पासपोर्टांबद्दल. त्यातला एक भारतीय असू शकत नाही. राज्यघटनेचं कलम ९ आणि नागरिकत्व कायदा, १९५५ यांनुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपतं. ओसीआय कार्डाला लोक सर्रास ‘दुहेरी नागरिकत्व’ म्हणतात. ते नागरिकत्व नाही, आजन्म व्हिसासारखी सोय आहे. जोडीदार मूळचा इकडचाच असेल आणि जुना भारतीय पासपोर्ट अजून कपाटात पडला असेल, तर तो आधी रीतसर जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायला सांगा. हे राहिलं असेल तर तुमच्या अर्जात नको तिथे प्रश्न उभे राहतात.

दुसरी पायरी: कुठल्या पासपोर्टवर कुठे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन पासपोर्ट म्हणजे दोनच देश असं नसतं, आणि एकाच पासपोर्टला वेगवेगळ्या देशांत वेगवेगळं वजनही असतं.

एक उदाहरण घेऊ. परभणीची मुलगी, बायको अमेरिकन आणि आयरिश. लग्न अमेरिकेत झालेलं.

अमेरिकेला जायचं तर बायकोचा अमेरिकन पासपोर्ट कामाचा. ती आय-१३० (जोडीदाराला बोलावण्याचा अर्ज) भरते, तो मंजूर झाला की फाइल अमेरिकेतल्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते, मग तुम्ही डीएस-२६० (कायमच्या व्हिसाचा फॉर्म) भरता, मेडिकल होतं आणि मुलाखत होते, बहुधा मुंबईच्या वकिलातीत. नांदेड-लातूरकडच्या मंडळींना हैदराबाद जवळ पडतं, पण या प्रकारच्या व्हिसासाठी साधारण मुंबईच धरून चाला. लग्न जिथे झालं तिथे ते कायदेशीर असेल तर अमेरिका ते मानते. भारत मानतो की नाही याच्याशी तिला घेणं नाही. बायकोला खर्चाची हमी द्यावी लागते, म्हणजे कुटुंबाच्या आकाराप्रमाणे ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न. ती सध्या तुमच्याबरोबर भारतात राहत असेल, तर ती अमेरिकेत परतणार आहे याचा पुरावाही लागतो: तिकडची नोकरी, घरभाडं, बँक, मतदार नोंद, जे असेल ते. उत्पन्न कमी पडलं तर तिच्या आईवडिलांपैकी कुणी सहहमीदार होऊ शकतं. कोविडच्या काळात काहींनी ऑनलाइन लग्न लावून घेतलं. त्यानंतर दोघं प्रत्यक्ष एकत्र राहिल्याचा पुरावा नसेल तर अमेरिकेच्या व्हिसाला ते लग्न चालत नाही. आणि तिकडे पोचेपर्यंत लग्नाला २ वर्षं झाली नसतील तर पहिलं ग्रीन कार्ड २ वर्षांचंच मिळतं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत ते कायम करण्यासाठी आय-७५१ हा अर्ज भरायचा असतो. ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आयर्लंडला जायचं तर आयरिश पासपोर्ट. पण तिथे ती स्वतःच्याच देशात असते, म्हणून आयर्लंडचे स्वतःचे कुटुंब-व्हिसाचे नियम लागतात: अर्ज आधी भारतातून, तिच्या कमाईचे कागद आणि नात्याचा पुरावा. तिथे समलिंगी लग्न २०१५ च्या सार्वमतानंतर कायदेशीर झालं, त्यामुळे लग्नाला हरकत नाही. प्रश्न असतो फक्त कागदांचा.

आता खरी गंमत. तोच आयरिश पासपोर्ट घेऊन ती जर्मनी, नेदरलँड्स किंवा स्पेनमध्ये नोकरीला गेली, तर युरोपियन संघाचा मुक्त संचाराचा नियम लागतो, २००४ चा. त्यात तुमच्या प्रवेश-व्हिसाला फी नसते आणि अर्ज लवकर निकाली काढायचा असतो. कागद मोजके: तिचा पासपोर्ट, लग्नाचं प्रमाणपत्र, आणि तुम्ही तिच्यासोबत किंवा तिच्याकडे जात आहात याचा पुरावा. पोचल्यावर ३ महिन्यांच्या आत राहण्याच्या कार्डाचा अर्ज, कार्ड साधारण ५ वर्षांचं, आणि काम करायचा हक्कही मिळतो. जर्मन नागरिकाच्या बायकोला जर्मनीत यायला जर्मन भाषेची ए-१ ही प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. आयरिश नागरिकाच्या बायकोला लागत नाही! अट एवढीच, की तिने तिकडे खरंच राहायला हवं: नोकरी, धंदा, शिक्षण, किंवा पुरेसे पैसे आणि आरोग्यविमा.

समलिंगी लग्न नसलेल्या पोलंड, रुमानियासारख्या देशांतही हा राहण्याचा हक्क मिळतो. युरोपियन न्यायालयाने ५ जून २०१८ ला रुमानियातल्या एका जोडप्याच्या खटल्यात सांगितलं, की ‘जोडीदार’ यात समलिंगी जोडीदारही येतो. हक्क आहे म्हणून तिथे राहणं सोपं जाईल असं मात्र नाही. नोकरीत निवड करता येत असेल तर मी माद्रिद किंवा ॲमस्टरडॅम निवडायला सांगेन, वॉर्सा नाही.

इथे दुहेरी नागरिकत्वाची एक मेख आहे. बायकोकडे आयरिश आणि जर्मन असे दोन्ही पासपोर्ट असतील, आणि ती जन्मापासून जर्मनीतच राहिली असेल, तर ‘मी आयरिश म्हणून इथे राहते’ असं म्हणून जर्मन नियम टाळता येत नाहीत. २०११ च्या एका निकालात हे स्पष्ट झालं. पण आयरिश म्हणून ती जर्मनीत गेली, राहिली, आणि नंतर तिने जर्मन नागरिकत्व घेतलं, तर २०१७ च्या निकालाप्रमाणे तिच्या जोडीदाराचा हक्क टिकतो. म्हणून कुठलं नागरिकत्व कधी आणि कुठे राहताना मिळालं, याची तारखांसह एक यादी करा. वकिलाकडे जाल तेव्हा त्याचा पहिला प्रश्न हाच असेल.

उलटही होतं. दोघी एखाद्या युरोपीय देशात ३ महिन्यांहून अधिक काळ खरोखर संसार करून राहिल्या आणि मग आयर्लंडला परतल्या, तर आयर्लंडलाही युरोपियन नियम लावावे लागतात.

यूकेचं वेगळंच. आयरिश माणूस तिथे व्हिसाशिवाय राहतो, नोकरी करतो. पण तुम्हाला यूकेचा जोडीदार व्हिसा लागतो, आणि त्याला जोडीदाराचं वार्षिक उत्पन्न २९,००० पौंड लागतं. ही रक्कम एप्रिल २०२४ पासूनची. पगारच नसेल तर बचतीचा आकडा ८८,५०० पौंड आहे. वर दर वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार, इंग्रजीची परीक्षा आणि भारतातून जाणाऱ्यांना टीबीची तपासणी. ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या जोडीदारालाही हेच सगळं. तेव्हा ‘आयरिश आहे म्हणजे लंडन सोपं’ असं धरून चालू नका.

जोडीदाराचा एक पासपोर्ट कॅनडाचा असेल तर बहुतेक प्रांतांत नवरा-बायकोच्या स्पॉन्सरशिपला ठरावीक उत्पन्नाची अट नाही. हमी ३ वर्षांची असते. लग्न झालेलं नसलं आणि छळाच्या किंवा कायद्याच्या अडचणीमुळे एकत्र राहताही येत नसलं, तर त्यासाठी कॅनडाकडे वेगळा वर्ग आहे. मराठवाड्यातल्या जोडप्यांना तो माहीत नसतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आखातात मात्र कुठलाच पासपोर्ट उपयोगाचा नाही. आपल्याकडची पुष्कळ मंडळी दुबई-दोह्याला कामाला आहेत, म्हणून हा विचार मनात येतो. तिथे जोडीदार व्हिसा मिळत नाही आणि समलिंगी संबंध गुन्हा आहे. विमान बदलायला तिथे उतरावं लागलं तर विमानतळाबाहेर पडण्याचा बेत आखू नका.

तिसरी पायरी: आपल्याकडचे कागद

जन्माचा दाखला. मराठवाड्यात खेड्यात, घरी जन्मलेल्या अनेकांची नोंदच नाही. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिला आणि तोच टीसीवर, आधारवर, पासपोर्टवर चढला. ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत नोंद शोधा. सापडली आणि तारीख वेगळी निघाली, तर घाईने पासपोर्ट बदलायला जाऊ नका. आधी वकिलाला विचारा, कारण बदलाचा माग राहतो आणि तो परदेशी अधिकाऱ्याला समजावून सांगावा लागतो. नोंद नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्या आणि सोबत टीसी, दहावीची सनद, आईवडिलांचं किंवा वडीलधाऱ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र जोडा. अमेरिका हे असं स्वीकारते. उशिरा नोंद करायची तर जन्मानंतर वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि महाराष्ट्रात अशा दाखल्यांची तपासणी आता फार कडक झाली आहे. जायच्या तारखेआधी बराच वेळ हातात ठेवा.

प्रतिज्ञापत्रासाठी आईवडिलांना काय सांगायचं, हा प्रश्न उरतोच. ‘व्हिसाला जन्माचा पुरावा मागितलाय’ एवढं पुरतं, आणि ते खरंही आहे.

जिल्ह्याचं नाव. जन्मदाखल्यावर औरंगाबाद, नव्या कागदावर छत्रपती संभाजीनगर. इकडे उस्मानाबाद, तिकडे धाराशिव. बर्लिनमधल्या अधिकारी बाईंना ही दोन वेगळी गावं वाटतात, आणि बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे हे त्यांना नकाशावर सापडतं. जिल्ह्यांची नावं सप्टेंबर २०२३ मध्ये बदलली. त्या राजपत्राची प्रत इंग्रजी भाषांतरासह फाइलला लावा. फॉर्मवर पासपोर्टवर जे छापलंय तेच लिहा.

नाव. पासपोर्टवर ‘ज्ञानेश्वर बाबाराव’ एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात, दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, आधारवर वडिलांच्या नावाला ‘राव’ नाही. सगळीकडे एकाच माणसाचं नाव आहे असं एक प्रतिज्ञापत्र करून घ्या. फरक मोठा असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्या.

आधीचं लग्न. हे नाजूक आहे पण टाळता येत नाही. घरच्यांच्या दबावाखाली लग्न लावून दिलेले आणि नंतर वेगळे झालेले अनेकजण आहेत. पंचांसमोर पाचशेच्या बॉन्डवर लिहिलेली सोडचिठ्ठी परदेशी कार्यालयात घटस्फोट म्हणून चालेल असं समजू नका. न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. तो नसताना तिकडे दुसरं लग्न केलंत, तर तिकडचं लग्नच अडचणीत येतं. परस्परसंमतीच्या घटस्फोटात ६ महिने थांबण्याची अट आहे, पण २०१७ पासून न्यायालय योग्य प्रकरणात ती माफ करू शकतं. हे काम सगळ्यांत आधी.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला. पासपोर्ट सेवेच्या वेबसाइटवरून अर्ज होतो, पण चौकशी स्थानिक ठाण्यातून. हवालदार घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो, आणि संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा सुरू: ‘पोरगं कुठं चाललंय म्हणं?’ अर्जात देश असतो, जोडीदार कोण आहे ते नसतं. तुम्ही पुण्यात राहत असाल तर आधी पासपोर्टवरचा पत्ता पुण्याचा करून मग अर्ज करणं बरं.

अपॉस्टील. म्हणजे कागद खरा असल्याची, करारातल्या देशांत चालणारी मोहोर. भारत २००५ पासून या करारात आहे. आपल्या कागदांवर आधी राज्य शासनाची मोहोर, मग परराष्ट्र मंत्रालयाची. कॅनडाही जानेवारी २०२४ पासून या करारात आला. जर्मनी मात्र भारताच्या अपॉस्टीलला मानत नाही; तिथे वकिलात स्वतः कागद पडताळून घेते, आणि गावपातळीवर पडताळणी असल्याने त्याला महिने लागतात. लग्नाच्या प्रमाणपत्राचं अपॉस्टील मात्र जिथे लग्न झालं तिथूनच होतं. न्यूयॉर्कमध्ये लग्न झालं असेल तर मुंबईत कुणीही ते करून देऊ शकत नाही, कुणी ‘करून देतो’ म्हणाला तर उठून बाहेर या.

व्हिसा केंद्र पुण्यात नाहीतर मुंबईत. देवगिरीने किंवा नंदीग्रामने सकाळी मुंबईत उतरून त्याच दिवशीची वेळ घ्यायची असेल तर दुपारचीच घ्या. आणि पासपोर्ट कुरिअरने गावच्या घरी मागवू नका; स्वतः जाऊन घ्या किंवा विश्वासातल्या मित्राचा पत्ता द्या.

चौथी पायरी: नात्याचा पुरावा

परदेशी अधिकाऱ्याला साध्या जोडप्याकडून हळदीचे, वरातीचे, दोन्हीकडच्या पाहुण्यांचे फोटो मिळतात. आपल्याकडे ते नसतात. चालतं. एकत्र प्रवासाची तिकिटं, दोघांच्या नावाचं हॉटेल बुकिंग, भाडेकरार, एकमेकांना पाठवलेले पैसे, वर्षानुवर्षांच्या चॅटमधली मोजकी पानं, नातं माहीत असलेल्या दोन-तीन मित्रांची पत्रं. हजार स्क्रीनशॉट देऊ नका. दर काही महिन्यांतला एक पुरावा, तारखेच्या क्रमाने. घरच्यांना का सांगितलं नाही, हे पत्रात सरळ लिहा.

संयुक्त बँक खातं हा चांगला पुरावा असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं, की समलिंगी जोडीदारांनी संयुक्त खातं उघडायला किंवा एकमेकांना नॉमिनी करायला बंदी नाही. शाखेत काउंटरवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. त्या सूचनेची प्रत खिशात ठेवा. जोडीदार परदेशी नागरिक असेल तर मात्र परकीय चलनाचे नियम वेगळे लागतात, तेव्हा दोघंही भारतीय असतानाचं जुनं खातं असेल तर ते शोधून काढा.

पाचवी पायरी: पैसा, शेत आणि मागे राहिलेली माणसं

नवरा-बायकोने एकमेकांना दिलेल्या भेटीवर आयकर नाही. पण भारतीय कायद्यात तुमचा जोडीदार ‘नातेवाईक’ नाही. त्यामुळे वर्षाला ५०,००० रुपयांच्या वरची भेट ज्याला मिळाली त्याच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. यावर मुंबई उच्च न्यायालयात २०२५ मध्ये याचिका दाखल झाली आहे. तिचा निकाल लागेपर्यंत मोठी रक्कम ‘भेट’ म्हणून हलवण्याआधी सीएला विचारा. जोडीदार अमेरिकन असेल तर भारतातल्या त्याच्या खात्यांची माहिती त्याला दरवर्षी अमेरिकेला द्यावी लागते, एकूण शिल्लक १०,००० डॉलरच्या वर गेली की.

तुम्ही तिकडे स्थायिक झालात की साधं बचत खातं चालत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करायचं. बँकेत स्वतः जाऊन निघायच्या आधी फॉर्म भरलेले बरे.

सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर ते राहतं. पुढे परदेशी नागरिकत्व घेतलं तरी वारसाने आलेली शेती ठेवता येते. नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. फेरफार, ई-पीक पाहणी, बँकेचं काम बघायला भावाला किंवा बहिणीला कुलमुखत्यारपत्र द्यायचं तर ते जायच्या आधी इथेच नोंदवा. त्यात विक्रीचा अधिकार देऊ नका, कामांची यादी द्या. तिकडून पाठवलं तर भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो.

हिंदू वारसा कायद्यात तुमचा जोडीदार वारस नाही. तुमच्या नावावर इथे काही असेल आणि ते त्याला मिळावं असं वाटत असेल तर मृत्युपत्र हाच मार्ग. २ साक्षीदारांसमोर सही हवी. नोंदणी सक्तीची नाही, पण आपल्याकडचे भाऊबंद बघता करून ठेवा.

सहावी पायरी: निघताना आणि परत येताना

तुम्ही प्रवास करता ते भारतीय पासपोर्टवर. जोडीदाराने मात्र तिकीट काढताना विचार करावा: अमेरिकन नागरिकाला अमेरिकेत शिरताना अमेरिकन पासपोर्टच लागतो, युरोपात शिरताना आयरिश दाखवला तर रांगही छोटी आणि तुमचा कुटुंबाचा हक्कही तोच दाखवतो. त्या रांगेत तुम्ही सोबत उभं राहायचं, लग्नाच्या प्रमाणपत्राची प्रत हातात ठेवून.

पुढे दिवाळीला दोघं गावी येणार असाल तर जोडीदाराला बहुधा टुरिस्ट व्हिसावर यावं लागेल. ई-टुरिस्ट व्हिसावर अमेरिकन पासपोर्टला एका वेळी १८० दिवस राहता येतं, आयरिशला ९०. म्हणून भारतासाठी अमेरिकन वापरा. व्हिसाच्या फॉर्मवर ‘दुसरा पासपोर्ट आहे का’ असा प्रश्न असतो, तिथे ‘हो’ लिहून त्याचा तपशील भरा. परदेशी पाहुणा उतरवणाऱ्याला २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म (लोक त्याला ‘फॉर्म सी’ म्हणतात) ऑनलाइन भरावा लागतो. वेरूळ-अजिंठ्यामुळे संभाजीनगरच्या हॉटेलांना त्याची सवय आहे. सेलू किंवा उदगीरच्या लॉजवर मात्र ‘फॉरेनर चालत नाही’ म्हणून परत पाठवतात, तेव्हा आधी फोन करून विचारा. घरी उतरवणार असाल तर तो फॉर्म घरच्यांच्या नावाने तुम्हीच बसून भरा. आबांना पोलिसांचा फोन आला तर निदान कशाबद्दल आहे ते त्यांना माहीत असेल.